संघटनेचे कोरे अर्ज

सोलापूरहून पुण्याला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत तो माझ्यासमोर बसला होता. मांडीवर आयटी कामगारांच्या संघटनेचे कोरे अर्ज. बोलताना त्यांचे दुमडलेले कोपरे तो अंगठ्याने सारखे सरळ करायचा. त्याच्या कंपनीने गेल्याच आठवड्यात बरेच लोक काढले होते, त्यात तोही होता.

"आता तरी लोक येतील की संघटनेत," मी म्हणालो.

"न्हाय हो. काढलेल्यांना वाटतं, नाव कळलं तर दुसरीकडं नोकरी लागायची न्हाय. राहिलेल्यांना वाटतं, आपण वाचलो. माझे वडील गिरणीत होते. कामगार म्हणवून घ्यायची त्यांना लाज नव्हती. आमाला हाय."

कुर्डुवाडी गेल्यावर त्याने एक अर्ज माझ्यापुढे धरला. "तुमी कुटं असता कामाला?"

मीही सॉफ्टवेअरमध्येच होतो.

"बँकेत," मी म्हणालो.