सुमनताईंनी न केलेली सही

समोरचा माणूस बसलेला असेल तर सुमनताई कधी उभ्या राहून बोलत नसत. आखातातल्या त्या हॉस्पिटलात मी नर्स म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी हे पाहिलं. मेट्रनबाईंनी आम्हा दोघींना केबिनमध्ये बोलावलं. सुमनताईंनी भिंतीलगतची खुर्ची ओढली, बसल्या आणि दुसरी माझ्याकडे सरकवली. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "ताई, बाईंना राग आला असेल."

"येऊ दे की. काम करून राहिलो आपन, सजा भोगून राहिलो का?"

सुमन कांबळे चाकूरच्या, मी लातूरची. तिथे एवढ्या लांब ते एकच गाव झालं. सुट्टीवरून येताना त्या ज्वारीचं पीठ आणत आणि हॉस्टेलच्या शेगडीवर भाकरी थापत. आवाज मोठा, बोलणं रोखठोक. पण सुई टोचताना हात इतका हलका, की रडकी पोरंही त्यांच्यापुढेच हात धरत. पेशंटशी त्या आपल्याकडच्या दखनी हिंदीत बोलत. "कैसे हो अम्मा, नींद लगी क्या?" बाकीच्या नर्स हसायच्या. ताईंना त्याचं काही नव्हतं. "म्हातारीला कळतंय ना? बस झालं."

करार संपायला बराच अवधी होता, तेव्हा आमचा वॉर्ड बंद करायचं ठरलं. आम्हा सहाजणींना ऑफिसात बोलावलं. मॅनेजरने प्रत्येकीपुढे एकेक कागद ठेवला. आम्ही स्वखुशीने राजीनामा देत आहोत, असा मजकूर. आज सही करा, परवा विमान.

तिथला कायदा आम्हाला थोडाफार ठाऊक होता. मालकाने मुदतीआधी काढलं, तर आधी नोटीस द्यायची, त्या काळात दुसरी नोकरी शोधू द्यायची, ती नाही मिळाली तर स्वखर्चाने घरी पोचवायचं. पण आपणच सोडली असं लिहून दिलं, की सगळे हक्क गेले आणि त्या देशात पुन्हा काम मिळणंही मुश्कील.

सुमनताईंनी कागद वाचून परत सरकवला. "हम नै छोड रहे. तुम निकाल रहे. वैसा लिखो."

"पासपोर्ट हमारे पास हैं, सिस्टर," तो म्हणाला.

"फोटो किसका है उसमें? मेरा. फिर तुमारे कपाट में कायकू?"

दुसऱ्या दिवशी त्याने त्यांना एकटीला बोलावलं. त्या बाहेर आल्या आणि भर कॉरिडॉरमध्ये आम्हाला सांगून मोकळ्या झाल्या. "मला दुसऱ्या वॉर्डात ठेवतेत म्हने. फक्त तुमच्या पाचजनींच्या सह्या आनून द्यायच्या."

"मग काय म्हणालात?"

"म्हनले, बोलायचं तर सहा खुर्च्या मांडा."

त्या दिवसापासून हॉस्टेलमधला एसी बंद झाला. ऐन उन्हाळा, भिंतीला हात लावला तर चटका बसायचा. आमच्यातली एक रडकुंडीला येऊन म्हणाली, "करून टाकू सही. निदान घरी तरी जाऊ."

सुमनताई तिच्याजवळ बसल्या. "घरी तर जायचंच हाय गं. पन पळून चालल्यावानी कामून? चोरी केली का आपन? माझ्या बापानं लोकाच्या रानात राबून मला नर्स केली. ह्या कामावरून मला कुनी हाकललं, तर हाकललं म्हनूनच लिवावं लागंल."

दुसऱ्या सकाळी आम्ही सहाजणी गणवेश घालून कामगार कार्यालयात गेलो. तिथला दुभाषी हैदराबादचा निघाला. ताई दोन वाक्यं बोलल्या आणि त्याने मान वर केली. "आपा, कां के हो आप?"

"चाकूर. लातूर के बाजू में."

"अरे, तो अपनेच हो!" मग ताईंचं एकेक वाक्य तो अशा ठसक्यात अरबीत सांगू लागला, की अधिकाऱ्याने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि मॅनेजरला बोलावून घेतलं. राजीनामा कुणी दिला, एवढंच त्याने विचारलं. मॅनेजर चाचरला. सुमनताई, अर्थातच बसूनच, म्हणाल्या, "बोलो ना साब. हम सामनेच हैं."

करार हॉस्पिटलच मुदतीआधी संपवत आहे, असं मॅनेजरला लिहून द्यावं लागलं. पासपोर्ट आमच्या हातात आले, नोटिशीचा काळ मिळाला. त्यात माझ्यासह तिघींना त्याच शहरात दुसरी नोकरी मिळाली. ताईंनाही बोलावणं होतं, पण त्या नाही म्हणाल्या. "माय थकली हाय. आता तिकडंच बघते."

त्यांच्या जायच्या दिवशी विमानतळावर नेणारी गाडी हॉस्पिटलने मागच्या गेटला लावली होती, कचऱ्याचे डबे ठेवतात तिथे. पेशंटना दिसू नये म्हणून. सुमनताईंनी एकदा गाडीकडे पाहिलं. "माल हाय का मी, मागून उचलायला?"

बॅग ओढत त्या सरळ ओपीडीत शिरल्या, मी मागोमाग. सुरक्षारक्षक आडवा आला. "हटो भाई," त्या शांतपणे म्हणाल्या. रांगेत बसलेल्या एका म्हातारीने त्यांना ओळखलं, उठून त्यांचा हात धरला. काउंटरमागच्या नर्स कामं सोडून बाहेर आल्या. रक्षकाने इकडे तिकडे पाहिलं आणि स्वतःच काचेचं दार उघडून धरलं.

गाडीला मोठा वळसा घालून पुढच्या दाराशी यावं लागलं. ती येईपर्यंत सुमनताई भर उन्हात पायरीवर उभ्या होत्या. सावलीत चला म्हटलं, तर म्हणाल्या, "थांब. बघू दे समद्यास्नी."