राज्यपालबाईंचे साहेब

“मी सोबत आलोय,” असं म्हणून ते हात किंचित वर करायचे, वर्गात हजेरी दिल्यासारखा. विमानतळावर किंवा सभागृहाच्या दारात एखाद्या नव्या अधिकाऱ्याने “आपण?” म्हणून भुवया उंचावल्या की हे उत्तर तयार असे. नाव नाही, हुद्दा नाही. आपण राज्यपालांचे यजमान आहोत, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

तुम्हीही त्यांना टीव्हीवर पाहिलं असेल, लक्ष दिलं नसेल इतकंच. राज्यपालबाई सलामी घेत असतात आणि मागे एक उंच, जरा वाकलेले गृहस्थ बंद गळ्याच्या कोटाच्या बाह्या खाली ओढत असतात. तो कोट त्यांना कधीच नीट बसला नाही.

माझ्यासाठी ते आधी साहेब. अंबरनाथला एका रसायनांच्या कारखान्यात ते प्रयोगशाळेचे प्रमुख होते आणि मी त्यांच्या हाताखाली. पुढे शिवमंदिराच्या रस्त्यावर आम्ही एकाच इमारतीत घरं घेतली, ते दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या. बाई बेलवलीच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. मग राजकारणात गेल्या, निवडणुका जिंकल्या, हरल्या, आणि पासष्टी उलटल्यावर दिल्लीने त्यांना लांबच्या एका डोंगराळ राज्याचं राज्यपाल केलं. साहेबांनी बॅग भरली. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, पण त्या घरात तसं कधीच कुणी विचारलं नव्हतं.

वर्षातून दोनदा ते एकटे घरी यायचे. खिडक्या उघडायचे, नळ सोडून बघायचे आणि जिन्यात येऊन मला हाक मारायचे, “ये रे, जरा माणसासारखं बोलू.” बॅगेत त्यांच्या कपड्यांपेक्षा साड्याच जास्त असत.

त्या साड्यांची गंमत अशी की, समारंभात राज्यपालांच्या जोडीदाराला काय भेट द्यायची हे तिकडे एका जुन्या यादीवरून ठरे. आधीचे सगळे राज्यपाल पुरुष, म्हणून जोडीदारापुढे साडी लिहिलेली. यादी बदलायला कुणाला सवड नव्हती. त्यामुळे व्यासपीठावर बाईंना शाल मिळे आणि साहेबांना साडी.

“तुम्ही घेता कशाला?” मी एकदा विचारलं.

“देणारा आधीच ओशाळलेला असतो रे. त्याला आणखी कुठे लाजवू?”

त्या साड्या मग इमारतीतल्या बायकांमध्ये वाटल्या जात. माझी बायको अजून हळदीकुंकवाला त्यातली एक नेसते आणि राजभवनाची आहे म्हणून सगळ्यांना सांगते.

एकदा बाई स्वतः दोन दिवस राहायला आल्या. फाटकाला पोलीस, आमच्या गाड्या पार कोपऱ्यावर, भाजीवाला दारातून परत. तळमजल्यावरचे आजोबा तर दोन दिवस फिरायला जाऊ शकले नाहीत आणि ते त्यांनी साहेबांनाच ऐकवलं. मला चहाला बोलावलं होतं. साहेब आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो होतो. बाई देवपूजा आटोपून आत आल्या आणि साहेब चटकन उभे राहिले. ते उठले म्हणून मीही उठलो.

“अहो, बसा ना. घरी आहोत आपण,” बाई म्हणाल्या.

“सवय लागली,” साहेब म्हणाले आणि टेबलाला धरून खाली बसले.

राजभवनात राज्यपाल आल्या की सगळे उभे राहतात. नवऱ्याने राहायचं की नाही हे साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी ते बसून राहिले, तर बाईंच्या सोबतचा लष्करी अधिकारी छताकडे बघायला लागला. तेव्हापासून ते उठायला लागले. दिवसातून वीस वेळा, ते दुखरे गुडघे घेऊन. साहेबांनी हे सांगितलं तेव्हा बाई हसल्या, पण नंतर बराच वेळ हातातल्या फडक्याच्या घड्या घालत राहिल्या.

पाच वर्षं संपत आली तसं साहेबांनी घराचं काम काढलं. न्हाणीघरात बाईंसाठी आधाराची दांडी बसवली. गॅलरीत खुर्च्या हव्या म्हणून मला उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात घेऊन गेले. तिथे चार दुकानं फिरून, प्रत्येक खुर्चीत दोनदोनदा बसून त्यांनी वेताची जोडी पसंत केली. सिंधी दुकानदार वैतागला होता.

“साईं, आप करते क्या हो?” त्याने विचारलं.

“रिटायर होतोय,” साहेब म्हणाले.

“कारखान्यातून कधीच झालात की,” मी म्हणालो.

“त्या नोकरीचं नाही म्हणत मी.” आणि स्वतःशीच हसले. परत येताना रिक्षात म्हणाले, “सकाळी दोघं गॅलरीत बसणार. पेपर आधी कुणी वाचायचा यावर भांडणार. बास.”

रंगाचा शेवटचा हात चालू होता तेव्हा बाईंचा फोन आला. मी तिथेच होतो. साहेब खुर्चीतून उठले आणि उभ्यानेच बोलले. बोलले म्हणजे, ऐकत राहिले.

“कधीपर्यंत कळवायचंय?” त्यांनी विचारलं. मग म्हणाले, “मग हो सांग. अगं, खरंच. हो सांग.”

दिल्लीहून विचारणा झाली होती. आणखी एक राज्य, पहिल्यापेक्षा मोठं. तुम्ही नको म्हणालात तर मी नाही म्हणते, असं बाई म्हणाल्या होत्या.

“मग नको म्हणायचं ना, साहेब.” माझा आवाज चढला होता.

“अरे, चाळीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं तिने. पण विचारताना आवाजच असा होता, की काय हवंय ते कळत होतं. नको म्हटलं असतं तर आली असती ती. या खुर्चीत बसली असती, पेपर वाचला असता. आणि मी रोज तिचं उतरलेलं तोंड बघत बसलो असतो.” मग म्हणाले, “थकलोय मी. ती नाही थकलेली. त्यात तिचा काय दोष?”

रंगारी शिडीवर हात थांबवून उभा होता. साहेबांनी त्याला चालू दे म्हणून खूण केली.

मला आजही वाटतं, त्यांनी एकदा तरी नको म्हणायला हवं होतं. त्यांचा बाईंवर फार जीव होता, आणि त्या जिवापायीच ते दमत गेले. हे मी त्यांना कधी बोललो नाही. आठ दिवसांनी ते बाईंकडे परत गेले. जाताना गॅलरीतल्या खुर्च्यांवर जुनी चादर घातली आणि किल्ली माझ्या हातात दिली.

शपथविधी आम्ही टीव्हीवर पाहिला. बाई खणखणीत आवाजात बोलल्या. साहेब पहिल्या रांगेत असावेत. कॅमेरा फिरला तेव्हा कोटाची एक बाही दिसली आणि बाजूला टेकवलेली काठी. इथून गेले तेव्हा त्यांच्याकडे काठी नव्हती.

त्या रविवारी त्यांचा फोन आला. दिवाळीला येताय ना, मी विचारलं.

“डॉक्टर प्रवास नको म्हणतात. आणि हे परत पाच वर्षांचं आहे. मला आता अठ्ठ्याहत्तरावं लागलंय.” पलीकडे कुणीतरी दार उघडल्याचा आवाज आला, मग त्यांनी पुढचं जरा घाईने सांगितलं. “तू ते घर कुणाला तरी राहायला दे. एखादं जोडपं बघ. रंग नवा आहे तोवर दे.”

मी बरं म्हणालो. अजून कुणाला दाखवलेलं नाही.