पानासारखं पडणारं शिसं

चौथीतून शाळा सोडली आणि मी गवंड्याच्या हाताखाली लागलो. त्यामुळे मला जे कळतं ते आधी हाताला कळलेलं असतं. ओळंबा जड असला की भिंत सरळ येते, सूत जाड असलं की ओढाताण सोसतं. गावच्या नदीवर गळ टाकायचो तोही याच न्यायानं. जाड तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, आणि त्याला लिंबाएवढं शिसं. हातभर लांबीच्या मरळी काढल्यात मी त्यावर. तेव्हा जर्मनीत र्युसेल्सहाइमला मुलाकडे आल्यावर मला कुणी मासे धरायला शिकवावं, हे मला पटणं शक्यच नव्हतं.

आलो होतो ते हिच्यासाठी, बायकोसाठी. काविळीनं हिला दोन महिने आडवं पाडलं होतं. कावीळ उतरली, पण जिभेची चव काही परतली नाही. मुलगा म्हणाला, इकडे या, हवापालट होईल. हवा पालटली. ही मात्र ताटापुढे बसायची, भात चिवडायची आणि उठायची. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या होत्या. एका संध्याकाळी खिडकीतून माइन नदीवरची लांबलचक मालबोट बघत ती म्हणाली, नदीची बारकी मासोळी असती तर गेले असते दोन घास. दुकानातला मासा आणून झाला होता. त्याला पाण्याचा वास नाही म्हणून तिनं तो बाजूला सारला होता.

मी म्हणालो, "मी आणतो."

बोलून बसलो, आणि मग कळलं की इथं परीक्षा दिल्याशिवाय पाण्यात गळ टाकता येत नाही. मासे धरायची परीक्षा, तीही जर्मनमध्ये. पण सूनबाईकडे तो कागद होता. ऑफिसातल्या मैत्रिणींच्या नादानं तिनं मागच्या हिवाळ्यात परीक्षा दिली होती. फिशरायशाइन म्हणतात त्याला. जिच्या पुण्याच्या माहेरी मासा कधी शिजला नाही, तिच्याकडे परवाना, आणि जन्म नदीकाठी काढलेला मी बघ्या. नियम म्हणजे नियम, बाबा, ती म्हणाली. रॉड मी धरणार, तुम्ही सांगा.

सामानाच्या दुकानातला दाढीवाला माझ्याच वयाचा असेल. त्यानं केसासारखी दोरी पुढे ठेवली आणि नखाएवढे गळ. गळाच्या बुडाशी शिशाचं इवलंसं डोकं, मागे रबराची शेपटी. याला जिग म्हणायचं, आणि इथल्या बारक्या पट्टेरी माशाला, बार्शला, हेच लागतं, असं त्याचं म्हणणं सूनबाईनं मला सांगितलं. मी दोरी दोन्ही मुठींना गुंडाळली आणि हिसका दिला, बांधकामावर सूत पारखतो तसा. तुटली. दुसरी घेतली, तीही तुटली. तिसऱ्या वेळी त्यानं रीळ माझ्या हातातून हळूच काढून घेतलं. सूनबाई आमची दोघांचीही समजूत घालत राहिली, त्याची जर्मनमध्ये, माझी मराठीत. मी दुकानातलं सगळ्यात जाड तंगूस आणि सगळ्यात वजनी शिसं निवडून बाहेर पडलो.

गावाबाहेर वाळूची जुनी खाण आहे, पाणी भरून तिचं तळं झालंय. नदीवर बोटींची वर्दळ, म्हणून आम्ही तिथं बसायचो. ऑक्टोबर होता. सकाळी त्या पाण्यावर धुकं असं बसलेलं असायचं की पलीकडे काठ आहे यावर विश्वास बसू नये. बदकं धुक्यातून यायची आणि धुक्यातच जायची, पाण्यावर त्यांची नुसती रेघ मागं राहायची. बसल्या बसल्या मला वाटायचं, आपण कुठल्याच देशात नाही. डोळे उघडे, पण झोपेत असल्यासारखं. मग माझं शिसं धप्पकन पडायचं आणि सगळं तळं दचकायचं.

असे दोन शनिवार गेले. रिकामी पिशवी घेऊन घरी आलो की ही माझ्याकडे बघायची आणि काही विचारायची नाही. ते फार लागायचं. विचारलं असतं तर भांडलो तरी असतो.

तिसऱ्या शनिवारी वारा अजिबात नव्हता. लाकडी धक्क्यावरून खाली बघितलं तर तळ दिसत होता, आणि त्यावर पट्ट्यापट्ट्यांचे आठ-दहा मासे, जागच्या जागी हलणारे. सूनबाईनं माझं शिसं सोडलं. ते तळाशी जाऊन गाळात रुतलं, आणि मासे एका क्षणात नाहीसे झाले. मी बघत राहिलो. गाळ बसला. मासे परत आले. तेवढ्यात काठावरच्या विलोच्या झाडाचं पिवळं पान, भिजून जड झालेलं, पाण्यात बुडायला लागलं. सरळ नाही, एकदा इकडे, एकदा तिकडे, कसलीच घाई नसल्यासारखं. मासे वर आले. एकानं तर तोंड लावून बघितलं.

दाढीवाल्याचं मी ऐकलं नव्हतं, पण डोळ्यांना दिसलेलं नाकारता येईना.

"ती केसासारखी दोरी," मी पाण्याकडेच बघत म्हणालो, "आणली असती तर बघितलं असतं."

सूनबाईनं पिशवीतून डबी काढली. पहिल्याच दिवशी तिनं ते सगळं माझ्यामागे घेऊन ठेवलं होतं. रागवावं असं मनात आलं, पण डबीत एक, दोन, तीन, पाच ग्रॅमचे गळ ओळीनं होते, आणि मला आधी ते हातात घ्यायचे होते. एका ग्रॅमवाल्याचं वजन तर तळव्याला कळेचना. मी तिला एकेक बांधायला लावला, धक्क्याशेजारीच खाली सोडायला लावला, आणि मनात आकडे म्हणत बघत बसलो. पाचाचा दगडासारखा गेला. तिनाचा बरा होता. एकाचा वरच तरंगल्यासारखा, कुठे जातोय ते कळेना. दोनाचा मात्र त्या पानासारखा उतरला, शेपटी हलवत, रेंगाळत. रंगाचं काही कळत नव्हतं, पण पान पिवळं होतं, मी पिवळाच घ्यायला सांगितला.

पहिला मासा लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हिसका दे."

तिनं दिला. दोरी तुटली, मासा गळासकट गेला.

"बाबा," सूनबाई म्हणाली, रागानं नाही, "आता जरा गप्प बसता का?"

मुकादमानंही मला कधी असं सांगितलं नव्हतं. मी हाताची घडी घातली. धुकं विरत गेलं, ऊन पाण्यात हळूहळू तळापर्यंत उतरलं. ती तसाच दुसरा गळ बांधून, हिसका न देता, नुसतं मनगट उचलत मासे वर घेत राहिली, आणि मी दातांवर दात दाबून, काहीसा गुंगीत, तिच्या मनगटाकडे बघत राहिलो. पाच मासे झाले. परीक्षेसाठी शिकवल्याप्रमाणे, मासा तडफडू नये म्हणून, तिनं प्रत्येकाच्या डोक्यात छोट्या दांडक्यानं टोला घातला. मी त्यावरही काही बोललो नाही.

घरी मासे बघून ही खुर्चीतून उठली. सरक, तुला खवलं जमणार नाहीत, असं म्हणून तिनं सूनबाईच्या हातातली सुरी घेतली. लसूण, चिंच, तिखट, पातळ कालवण. चार वाजता जेवलो. तिनं एक मासा काट्यापासून सोडवला, खाल्ला, दुसरा घेतला. मी भाताकडे बघत होतो.

"कुणी धरले?" तिनं विचारलं.

सूनबाई ताटात बघत होती. मी काहीही म्हणालो असतो तरी ती चालवून घेणार होती.

"हिनं," मी म्हणालो. "दोरीही हिचीच. माझ्या दोरीला एक लागला नाही."

"मग तुम्ही काय केलंत?"

"गप्प बसलो."

"किती वेळ?"

"दोन तास."

तिनं हातातला घास थांबवून माझ्याकडे बघितलं, माणूस आजारी पडल्यावर बघतात तसं. मग ताट सूनबाईकडे सरकवून म्हणाली, "तो शेवटचा मासा मला वाढ गं. यांना रस्सा पुरे."