आबांचा मैदानी पाहुणचार

बास्केटबॉलच्या सामन्यात प्रशिक्षक पंचांशी भांडतात, हे तुम्ही पाहिलं असेल. आमचे आबा पंचांना विचारायचे, "भाऊ, जेवले का?" तेही सामना रंगात असताना, रेषेबाहेर उभं राहून, हाताने घास घेतल्याची खूण करत. एकदा धुळ्याला एका पंचाने मानेनेच 'नाही' म्हटलं, तर आबांनी टाइमआउट मागून त्याला केळी खायला लावली. त्या पंचाने पुढचे सगळे फाऊल आमच्याच विरुद्ध दिले. आबांना त्याचं काहीच नाही. "उपाशी माणूस चिडचिड करतोच," म्हणाले. "अजून दोन द्यायला पाहिजे होती."

आबा धरणगावकडच्या एका कॉलेजात खेळ शिकवायचे आणि आमच्या विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक होते. परगावी गेलो की हा माणूस वाघ. "हाना भो, हाना!" असं ओरडून घसा बसवून घ्यायचा. पण सामना आपल्या गावात असला की वाघाचा यजमान व्हायचा. समोरच्या संघाला आधी पाणी, मग गूळ-शेंगदाणे, उरलं तर आम्हाला. आम्ही चिडून विचारायचो, "आबा, तुम्ही नेमके कोणाकडून?" तर म्हणायचे, "तुम्ही घरचे रे. घरच्यांनी मागून जेवायचं असतं."

अशा माणसाच्या नशिबी देशभरातल्या विद्यापीठांची स्पर्धा जळगावला यावी! माझं शेवटचं वर्ष, त्यात मी कप्तान. आमचं विद्यापीठ कधी बाद फेरीत गेलं नव्हतं. आणि माझे वडील, अण्णा, रावेरला केळीचे ट्रक भरून देतात. त्यांनी मला खेळताना कधी पाहिलं नव्हतं. हंगामात त्यांना मरायलाही सवड नसते. पण या वेळी म्हणाले होते, "बाद फेरीत गेलास तर सगळं सोडून येतो." मला दुसरं काही नको होतं.

गटात तीन संघ, पुढे जाणार एकच. आमचा पहिला सामना ईशान्येकडच्या एका संघाशी. त्यांची गाडी इतकी उशिरा आली की पोरं स्टेशनवरून बॅगांसकट थेट मैदानात. दोघांची पोटं बिघडलेली, बाकीचे उभ्या उभ्या पेंगत होते. मध्यंतराला आम्ही चौतीस पॉइंटनी पुढे! मी हवेत. आबांनी आम्हाला गोळा केलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "घर येल पाव्हनाले कोनी इतलं मारस का रे?"

"आबा, सामना आहे हा!"

"मग काय झालं? बिचाऱ्यांची आंघोळही नाही झालेली."

आणि माझ्यासकट पहिले पाचही जण बाहेर बसवले. राखीव पोरांनी चौतीसाचे सहा केले. कसेबसे जिंकलो. संध्याकाळी आबांनी पाहुण्यांना शेतात नेऊन कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत घातलं. वाढायला आम्हीच. त्यांचा कप्तान हात आडवा धरायचा आणि आबा हाताखालून पुरी सरकवायचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिसऱ्या संघाशी दोन पॉइंटनी हरलो. आता तिसऱ्या दिवशी पाहुण्यांनी त्याच संघाला हरवावं, पण अकराहून कमी पॉइंटनी, एवढंच हवं होतं. पण झोप झालेली, आंघोळ झालेली, पोटात भरीत! पाहुणे असे काही धावले की विचारू नका. त्यांच्या प्रत्येक बास्केटला आबा उठून टाळ्या वाजवत होते आणि मी कपाळ बडवत होतो. पाहुणे बरोबर अकराने जिंकले. आबा नाचायलाच लागले.

"आबा, तिघांचाही एकेक विजय झाला. आता फरकावर ठरणार. एका पॉइंटने आपण बाहेर," मी म्हणालो.

आबांचे हात वरच राहिले. "म्हणजे तुझे अण्णा...?"

इतका राग मला आयुष्यात कोणाचा आला नव्हता. थोड्या वेळाने पाहतो तर आबा माझ्याच फोनवरून अण्णांशी बोलत होते, "उद्या दुपारी या. पोरगं खेळणार शे."

"काय खेळणार? गोट्या?" मी ओरडलो.

"ते मी पाहतो."

दुसऱ्या दिवशी सकाळीच पाहुणे बाद फेरीत हरले. संध्याकाळी त्यांची गाडी होती. पण आबांनी शब्द टाकला आणि पोरं खाल्ल्या भरिताला जागली. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये दोन्ही संघ पुन्हा समोरासमोर. शिट्टीला तोच धुळ्याचा पंच, स्पर्धेसाठी आलेला. आबांनी त्याला जेवणावरून उठवून आणलं होतं. अण्णा केळीच्या चिकाचे डाग पडलेल्या सदऱ्यात पहिल्या रांगेत येऊन बसले. "लोक कमी दिसतात," म्हणाले. आबा म्हणाले, "मोठ्या सामन्याला गर्दी आत सोडत नाहीत." मग माझ्या कानाशी आले, "आते मार रे भाऊ. जितलं मारनं शे तितलं मार."

मी मारलं. पाहुणेही जीव तोडून खेळले, कोणी मुद्दाम सोडलं नाही. आम्ही जिंकलो आणि अण्णा भर मैदानात येऊन मला उचलायला लागले. पंचाने गंभीर चेहऱ्याने त्यांच्याशी हात मिळवला.

अण्णा आजही भेटेल त्याला सांगतात, पोराने देशपातळीवर बाद फेरी जिंकली, या डोळ्यांनी पाहिली. त्यांना खरं सांगायची माझी छाती झाली नाही, आणि आबांनी कधी सांगू दिलं नाही.

मागच्या वर्षी आबा गेले. दहाव्याला अण्णा माझ्यासोबत धरणगावला आले आणि आबांच्या घरी बसून तोच सामना पहिल्या शिट्टीपासून सांगायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, कारण आबांच्या पत्नीला, अक्कांना, सगळं ठाऊक होतं. अक्कांनी शेवटपर्यंत ऐकलं. पदराने डोळे पुसले, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि अण्णांना म्हणाल्या, "हो भाऊ, हे नेहमी सांगायचे. त्यांच्या हातून तेवढा एकच मोठा सामना जिंकला गेला."