येऊरच्या वाटेचा नकाशा

पंचेचाळिशी उलटल्यावर मी पुन्हा सायकल चालवायला लागले, ती माझ्या मैत्रिणीमुळे. डोंबिवलीजवळ कोपरला आम्ही एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो, ती तिसऱ्या मजल्यावर, मी पहिल्या. माझं पोटाचं ऑपरेशन झालेलं, एक जिना चढले तरी धाप लागायची. तिने कुठूनतरी एक जुनी गियरची सायकल मिळवली, माझ्या दारात आणून उभी केली आणि उद्या साडेपाचला खाली ये म्हणाली. त्या वर्षी आम्ही रोज माणकोलीच्या पुलावर जायचो. ती पुढे निघून जायची आणि पुलाच्या मध्यावर मी येईपर्यंत खाडीकडे बघत उभी राहायची. थांबावं लागतं म्हणून तिने कधी तोंड वाकडं केलं नाही. म्हणूनच पुढचं सगळं मला इतकं लागलं असावं.

येऊरची कल्पनाही तिचीच. पाऊस संपला, वाटा वाळल्या की ठाण्यालगतच्या राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात सायकली घेऊन जायचं, तिच्या ऑफिसातले चार-पाच जण बरोबर घ्यायचे. मी आढेवेढे घेतले. डोंगर म्हणजे पूल नव्हे.

"रूट तूच ठरव," ती म्हणाली. "तुला झेपेल तो सगळ्यांना झेपेल."

मी ते फारच मनावर घेतलं. आमच्या शेजारच्या काकूंचं माहेर येऊरच्या पायथ्याशी. त्यांच्या भावाला घेऊन मी तीन रविवार ती वाट पायी चालले. सायकल न्यायला परवानगी कुठपर्यंत, हे आधी जंगल खात्याच्या चौकीत विचारून घेतलं. उपवन तलावापासून वर जाणारा डांबरी चढ, मग आदिवासी पाड्यामागची लाल मातीची वाट, दोन कोरडे ओहोळ, एक दगडाळ चढण. त्या चढणीशी मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले तेव्हा काकूंचे भाऊ म्हणाले, "ताई, या चढाव उतरून चालाचा. त्यात लाज कसली?"

घरी येऊन मी नकाशा काढला. कुठे गियर हलका करायचा, कुठे सावली आहे, पाणी कुठे भरता येईल, कुठल्या फाट्यावर उजवीकडची रुंद वाट फसवी आहे आणि डावीकडची अरुंद वाट खरी. माझ्या छातीचे ठोके जिथे जिथे वाढलेले, तिथे तिथे विसावा धरला. खाली माझा मोबाइल नंबर लिहिला, कोणी मागे पडलं तर असावा म्हणून. मागे पडणारी मीच असणार, हे माहीत असूनही. मैत्रिणीने नकाशा बघितला आणि मला जवळ घेतलं. मग त्याच्या झेरॉक्स काढते म्हणून घेऊन गेली.

रविवारी निघायचं ठरलं. गुरुवारी तिचा फोन आला, सासूबाईंना ताप आहे, आपण पुढे ढकलू या. मला वाईट वाटलं, पण तिच्यासाठी जास्त. शुक्रवारी मी तिला म्हटलं की रविवारी मी सासूबाईंजवळ बसते, तू जरा झोप काढ. ती घाईघाईने नको म्हणाली. नणंद येणार होती म्हणे.

रविवारी सकाळी मी पोह्यांना फोडणी देत होते. अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज होता, दम लागलेला.

"सॉरी हं, नकाशावर तुमचा नंबर आहे म्हणून केला. आम्ही दोघी मागे राहिलोय, बाकीचे पुढे गेले. इथे दोन वाटा फुटतात, पण नकाशातला फाटा हाच का ते कळत नाही. कुठली घेऊ?"

मी गॅस बंद केला. मग मी विचारलं की समोर मोठा दगड आणि त्यावर वाकलेलं झाड दिसतंय का. दिसत होतं. मी सांगितलं, डावीकडची घ्या, अरुंद आहे पण तीच खरी, आणि पुढच्या उताराला दोन्ही ब्रेक एकदम दाबू नका. तिने आभार मानले. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "तुम्हाला आता कसं वाटतंय? तुम्ही आजारी आहात म्हणून आला नाहीत, असं कळलं."

"बरी आहे आता," मी म्हटलं.

का म्हटलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मैत्रिणीची लाज राखायची सवय झालेली, इतकंच. पण मला सासूबाईंचा ताप आणि ऑफिसातल्यांना माझं आजारपण, अशा दोन थापा तिने मारलेल्या, आणि दुसरीला मीच दुजोरा दिला. दिवसभर मला तिच्याइतकाच स्वतःचा राग येत राहिला.

संध्याकाळी मी तिसऱ्या मजल्यावर गेले. दार सासूबाईंनीच उघडलं, हातात निवडायची मेथी. मैत्रीण बाहेर आली, माझं तोंड बघून तिला कळलं. आम्ही जिन्यात उभ्या राहिलो. ती बरंच बोलली. ऑफिसातले लोक फिट आहेत, त्यांना अकराच्या आत परतायचं होतं, माझी ओढाताण झाली असती, तिलाच वाईट वाटत होतं. शेवटी मी एवढंच विचारलं, "मग खोटं कशाला बोललीस? स्पष्ट सांगायचंस."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "स्पष्ट सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, तुम्ही जा. आणि मग मला जाता आलं नसतं."

ते खरं होतं. मी तसंच म्हणाले असते. इतकं ओळखून असलेल्या माणसानेच फसवलं होतं. मी खाली आले.

आमचं भांडण असं झालंच नाही. भाजी घेताना भेटलो तर बोलायचो, मुलांचं, पाण्याच्या वेळांचं. सकाळी मात्र मी सातला निघू लागले, म्हणजे ती परतलेली असे.

डिसेंबरात एका रविवारी मी एकटीच येऊरला गेले. दगडाळ चढणीवर उतरून सायकल ढकलली. वर हवा छान होती, पण मला जंगल धड दिसलंच नाही. प्रत्येक वळणावर तिला ऐकवायची वाक्यं मनात तयार होत होती, एकाहून एक धारदार. पाड्याजवळ एक बाई पेरू विकत बसलेली. तिने विचारलं, "एकलीच आलीस?" मी हो म्हटलं. तिने पेरू कापून मीठ लावून दिला. तो तिथेच उभ्याने खाल्ला आणि उतरायला लागले.