मारांडी, अंगठ्यासकट

मंदाच्या भावाचा फोन आला तेव्हा मी निजामपुऱ्यात भाजी घेत होते. "बाई, ताय गेली," एवढंच म्हणाला. महिना उलटला, तरी मला रडू कमी आणि रागच जास्त येतो... काम अर्धवट टाकून उठणारी बाई नव्हती ती.

आम्ही दोघी एकाच शाळेत, ती गणिताची, मी मराठीची. निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला लागतात; ही खाडीकाठी, भावाच्या शेताच्या कडेला, झाडांचे फोटो काढायला लागली. भाचीने तिला झाडं ओळखणारं अ‍ॅप घालून दिलं होतं. पहिलाच फोटो मारांडीचा. खाडीकाठची आपली काटेरी पानांची मारांडी, तेव्हा निळी फुलं नव्हती एवढंच... तर मशीनने नाव दिलं, परदेशात नाताळला दाराला टांगतात त्या झुडपाचं! मी हसून लोळायची बाकी होते. मंदा भडकली. चिडली की ती शाळेतली भाषा सोडून गावच्या बोलीवर यायची. "हसतेस काय? त्यानं आपली खाडी बघितलीच न्हाय, तर वळखंल कसं? आता आपणच दाखवायची."

मग काय! ऊन म्हणू नका, चिखल म्हणू नका. मापासाठी प्रत्येक पानाशेजारी शाळेतली लाकडी फूटपट्टी धरायची. फोटोत पट्टी यायची, आणि पट्टी धरलेला तिचा अंगठाही. दुसऱ्या जाणकारांनी नावाला दुजोरा दिला की मगच नोंद पक्की, आणि अशा पक्क्या फोटोंवरच मशीन शिकतं. त्या दुजोऱ्यासाठी बाई कुठल्या कुठल्या संशोधकांशी भांडायची. भाऊ वैतागायचा, "ताय, उद्या भराव पडल, गोदाम उभं ऱ्हाईल. कशाला जीव काढतेस?"

"पडू दे भराव. पण हितं काहीच नव्हतं, असं म्हणायची कुणाची छाती होता कामा न्हाय!"

भराव आता पडतोय. परवा मी तिथे गेले. डंपरपाशी उभा असलेला मुकादम म्हणाला, "मॅडम, फोटो किसका लेते हो? इधर कुछ नहीं है."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मंदाची फूटपट्टी तिच्या भावाने मला दिली आहे. ती पर्समधून काढली, बिनफुलांच्या फांदीवर पानाशेजारी धरली, फोटो काढला आणि मोबाइल त्याच्या नाकासमोर नेला. मशीनने या वेळी चटकन सांगितलं, मारांडी. खाली मंदाचे जुने फोटो ओळीने... प्रत्येकात तो अंगठा.

"ये देखो," मी म्हटलं, "ये हमारी मंदा है. और इधर बहुत कुछ है."

तो डंपरकडे वळला. मी पुढच्या झुडपाकडे गेले. घरी येऊन पाहिलं तर सगळ्या फोटोंत माझाही अंगठा आलाय. राहू दिला.