कानसेनांची लांब खिडकी

…तर काल म्हटलं तसं, कारखान्याचे साहेब आणि आमचे जावईबापू, दोघांनी त्या टेबल पंख्यापुढे हात जोडायचेच तेवढे बाकी ठेवले होते.

जावईबापू पंख्यांच्या कारखान्यात आवाज तपासतात, म्हणून सगळे त्यांना कानसेन म्हणतात. पंख्याच्या पाठीला माइक चिकटवायचा की संगणक आवाजाचं चित्रच काढतो. डावीकडून उजवीकडे वेळ सरकते. भरड आवाज खाली, बारीक वर. आता आवाजाचा केवढा तुकडा एका वेळी बघायचा, त्याला ते खिडकी म्हणतात. खिडकी लांब ठेवली तर सूर वेगवेगळे दिसतात, पण कधी काय वाजलं त्याचा काला होतो. आखूड ठेवली तर वेळ सापडते, सूर फिसकटतात. जावईबापूंचा जीव लांब खिडकीवर. कशा रेघा येतात, भांग पाडल्यासारख्या!

आणि गिऱ्हाइकं पंखे परत आणून आदळत होती. "मधूनच टक् करतो!"

"साहेब, चित्र तर स्वच्छ आहे," कानसेन म्हणाले. बाहेरच्या ठोकाठोकीत त्यांच्या कानालाही काही लागेना.

"गिऱ्हाईक चित्र लावून झोपत नाही हो! संध्याकाळपर्यंत टक् दाखवा, नाहीतर या आवाज तपासायच्या खोलीला कुलूप आणि तुम्ही उद्यापासून पॅकिंगला."

पॅकिंगला! खोके चिकटवायला! "खोलीला कुलूप लागणार" असं पुटपुटत, तोंड पाडून स्वारी घरी जेवायला आली, तर इथे आमची लेक भांडी आपटतेय.

"अगं, झालं काय?"

"काल पाहुण्यांसमोर मी बोलत होते आणि तुम्ही आ वासून जांभई दिलीत!"

"वर्षभराचं बघ ना. एकंदरीत मी तुझं मन लावूनच ऐकतो."

"अहो, वर्षभराच्या ऐकण्यात कालची जांभई विरघळवू नका! जांभई जांभईच्या जागी दिसलीच पाहिजे!"

जावईबापूंचा घास हातातच राहिला. पुढच्या क्षणी ते घरातल्या चपलांसकट कारखान्याच्या वाटेला लागले होते. लेक दारातून ओरडतेय, "पळा, पळा! भांडण अर्धं टाकून पळा!"

खिडकी आखूड केली मात्र, लाडक्या रेघांचं पिठलं झालं. पण त्यात खालपासून वरपर्यंत एक उभी रेघ, काठी रोवल्यासारखी. थोड्या वेळाने पुन्हा तशीच. टक्! आणि दर वेळी कधी? पंखा उजवीकडे मान फिरवून परत वळतो, नेमका तेव्हा! मान उघडली, तर आतल्या चाकाचा एक दात तुटलेला. साहेब एवढे खूश झाले, की त्यांनी पंख्यालाच शाबासकी दिली.

संध्याकाळी लेक दारातच कमरेवर हात ठेवून उभी.

"खोली वाचली?"

"वाचली. तुझ्यामुळेच."

"मग आता सांगा, मी कशी आहे? वर्षभराची नको. आत्ताची!"

जावईबापूंनी चपला काढल्या, तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "आत्ता तू रागावली आहेस, एवढं नक्की. कशावरून, ते कळायला जरा जास्त वेळ ऐकावं लागेल. बोल, मी बसतो."